गाडीतळावरचा सोमवार

"सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं न्हाई. कितीबी घाईचं काम निघू दे. आन् हे ध्यानात ठेवायचं काम तुझं, मंजुळे. पोराला सांगितलं तर तो व्हय म्हनतो आन् सांजच्याला इसरतो."

माझे सासरे व्यंकटराव वारण्याच्या आधी चार दिवस हे बोलले. सोमवार महादेवाचा, आणि बैल महादेवाचा, म्हणून आमच्या भागात त्या दिवशी बैलाला विसावा. गावात सगळेच पाळतात, पण पेरणीची ओल निघून चालली की एखाद्याचा हात जुवाकडे जातो. आमच्या घरच्यांचाही, म्हणजे माझ्या नवऱ्याचाही, जाई. मामंजी गेल्यावर मी दोनदा त्यांना अडवलं. माझा आवाज मुळात लहान. पण मी शेजारी जाऊन उभी राहिले की त्यांना वार आठवे आणि ते जू खाली ठेवत.

त्या वर्षी मार्गशीर्षात हिंगोलीला शेतीचं आणि जनावरांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. आमच्या गावात, डोंगरकड्याच्या चावडीवर, दवंडी झाली आणि कागदही वाचून दाखवला. कागदात सगळं लिहिलं होतं. रेल्वेने येणाऱ्यांनी ठेसनावरून पायी यावं, नाहीतर टांगा करावा. मोटारी दरवाजाजवळ लागतील. बैलगाड्यांनी कयाधू नदीच्या अंगाला, बाभळींच्या रांगेजवळ सुटावं. जनावरांना पाण्याचे हौद बांधले आहेत. लाल गोऱ्ह्यांची निवड सोमवारी सकाळी.

आमच्या घरी लाल गोऱ्हा होता. मामंजींनी लहानपणापासून वाढवलेल्या गायीचा तो शेवटचा. त्याला एकदा हिंगोलीला साहेबांसमोर उभा करायचा, असं मामंजी म्हणत असत. ते राहून गेलं होतं. म्हणून कागद वाचला त्या दिवसापासून घरच्यांना दुसरं काही सुचेना. रोज सकाळी गोऱ्ह्याला खरारा, मऊ चारा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची मान दाखवणं.

जायचं कसं, यावर घरात चार दिवस बोलणं चाललं. माझ्या थोरल्या जाऊबाई शकुबाई यांचं मन मोटारीवर होतं. कळमनुरीपासून हिंगोलीपर्यंत मोटार जाते हे त्यांना ठाऊक होतं.

"दोन दीस गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची काहून?" त्या म्हणाल्या. "मोटार एका घटकेत पोचवती."

"गोऱ्हा कुठं बसवू वहिनी, तुमच्या मांडीवर?" घरचे म्हणाले.

"त्याला ईचारा की. तुमचं समदं त्यालाच ईचारून चाललंय."

शेवटी ठरलं ते असं. जाऊबाई आणि थोरले दीर माणिकराव कळमनुरीपर्यंत आमच्या गाडीत येतील आणि पुढे मोटारीनं जातील. आम्ही दोघं गाडीनंच जाऊ, गोऱ्हा मागे बांधून, त्याच्या चालीनं. शनिवारी निघायचं, रात्री कळमनुरीत मुक्काम, रविवारी दुपारी हिंगोली. सोमवारी गाडी सुटलेलीच राहील. मंगळवारी परत. मी बोटांवर वार मोजून पाहिले. सोमवारी बैलांना काही काम नव्हतं. माझं मन शांत झालं.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा बाभळींजवळ पन्नासेक गाड्या सुटल्या होत्या. एक चपराशी हातात काठी घेऊन रांग लावत होता. त्यानं आम्हाला दरवाजाकडून तिसरी जागा दिली. पाणी जवळ, सावली जवळ. जाऊबाई आधीच पोचल्या होत्या. त्यांच्या लुगड्यावर एवढी धूळ होती की रंग कळत नव्हता.

"मोटार बरी व्हती का?" मी विचारलं.

"बरी व्हती. पन तिला पाठीमागून धूळ उडवायची सवय हाये, आन् मला पाठीमागंच बसवलं," त्या म्हणाल्या.

आमच्या शेजारच्या गाडीवर मसाजी नावाचे एक म्हातारे धनगर होते. कळमनुरीकडचे. एक मेंढा घेऊन आले होते. गाडी त्यांच्या भावकीतली, बैलही मागून आणलेले. ते गोऱ्ह्याभोवती दोन वेळा फिरले आणि म्हणाले, "पाटील, ह्याला नंबर न्हाई भेटला तर साहेबाला डोळं न्हाईत असं समजा." घरचे त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

माझा नेम असा, की सकाळी उठल्यापासून पूजा होऊन महादेवाची एकशे आठ नावं होईपर्यंत बोलायचं नाही. सोमवारी मातीची पिंड करायची, बेल वाहायचा आणि दिवसभर निरंकार उपास. त्या सोमवारी मी उजाडायच्या आत कयाधूवर जाऊन आले. ओल्या काळ्या मातीची पिंड केली, पळसाच्या पानावर ठेवली आणि गाडीच्या आडोशाला बसले. पहिली पाच-सात नावं झाली असतील तेवढ्यात चपराशी रांगेतून ओरडत आला.

हैद्राबादहून बडे साहेब येणार होते. त्यांच्याबरोबर दहा-बारा मोटारी. दरवाजाजवळची जागा त्यांना पुरेना. म्हणून आमच्या रांगेची जागा मोटारींना द्यायची होती आणि गाड्या नाल्याच्या पलीकडे आमराईत न्यायच्या होत्या. बारा वाजायच्या आत.

"जिसकी गाडी इधर रही, उसके जनावर का नंबर कट," तो म्हणाला. "बैल जोतो और निकलो."

मग माणिकराव म्हणाले, "आज सोमवार हाये."

"तो?"

"तो, आज बैल जुपत न्हाईत."

चपराशी परगावचा होता. त्याला वाटलं आम्ही बहाणा करतो आहोत. ज्यांनी हे सगळं प्रदर्शन मांडलं ते मोहतमीम साहेबही मागून आले. बिचारे सभ्य माणूस होते. त्यांनी हौद, टांगे, रांगा, सावली, सगळं कागदावर आखलं होतं. सोमवारचं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि आम्हाला वाटलं होतं की हे काय सांगायची गोष्ट आहे. "मैं समझा, मगर साहब की मोटरें रास्ते में हैं," एवढंच ते म्हणाले आणि घाईनं पुढे गेले.

मग लोकांची तोंडं वळली ती एकमेकांकडे. कुणी म्हणालं, शे-दीडशे पावलांचं तर काम आहे. कुणी म्हणालं, महादेवाला एवढं कळतं. कुणी म्हणालं, आधी दुसऱ्यानं जुपावेत.

आमच्या घरच्यांनी गोऱ्ह्याकडे पाहिलं. तो झूल घालून उभा होता, शिंगांना तेल लावलेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय करू?" त्यांनी विचारलं.

मला बोलायचं नव्हतं. नावं बाकी होती. त्यांना ते माहीत होतं. मग हळूच म्हणाले, "बा असता तर त्यानंबी आज जुपले असते. गोऱ्हा त्याचाच हाये." आणि बैलांकडे गेले. एका बैलाचं दावं त्यांनी सोडलं.

मी मान हलवली असती तरी त्यांनी पाहिली नसती. म्हणून पिंडीचं पान उचलून बाभळीच्या बुंध्याशी ठेवलं, आणि त्यांच्या आधी जाऊन गाडीचं जू दोन्ही हातांनी उचललं. माझे हात मातीनं भरलेले होते. मी ओढायला लागले. गाडी हलली नाही. कडबा भरलेला होता आणि जमीन मऊ होती. मी पुन्हा ओढलं.

"अगं, काय करून राहिलीस?" घरचे म्हणाले.

मला उत्तर देता येत नव्हतं. मी तिसऱ्यांदा ओढलं. आजूबाजूचे बघत होते, आणि मला पदर सांभाळता येत नव्हता, याची मला फार लाज वाटली. पण जू सोडलं असतं तर ते बैलाच्या मानेवर गेलं असतं.

मसाजी आपल्या गाडीवर बसले होते. ते खाली उतरले, काठी टेकवली आणि म्हणाले, "वहिनी बराबर म्हनतेत. सोमवार बैलाला हाये, मानसाला न्हाई." आणि त्यांनी आमच्या चाकाला खांदा लावला.

जाऊबाई पुढे आल्या. "मोटारीत बसून आले, आन् आता गाडी ओढायची पाळी आली," असं म्हणत त्यांनी जुवाचं दुसरं टोक धरलं. कुणीतरी हसलं. माणिकरावांनी कडबा खाली टाकायला सुरुवात केली.

घरचे तिथेच उभे होते, हातात दावं घेऊन. मग त्यांनी बैल परत बाभळीला बांधला. माझ्या हातातलं जू काढून घेतलं. रांगेकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "समद्यांनी हात लावा. एकएक करून ओढू. माझी गाडी पयली न्हेली, तर शेवटची गाडी पलीकडं गेल्याबगर मी हात काढनार न्हाई. ही माझी जबान."

"पाटील, तुमचा गोऱ्हा?" एकानं विचारलं.

"त्याला चार पाय हायेत. तो उभा राहील."

पुढचं काम सरळ होतं. दोघं जुवाला, दोघं-तिघं चाकांना, एक मागून. नाल्याच्या उतारावर सगळ्यांनी मिळून धरायचं, चढावर पुन्हा खांदा. बायकांनी कडबा आणि भांडी डोक्यावरून नेली. माणसं एकमेकांना बैलांची नावं देऊन हाकू लागली. जाऊबाईंनी माणिकरावांना "हां ढवळ्या, नीट चाल" म्हटलं, तेव्हा ते चढावर थांबून हसले आणि गाडी एक हात मागे आली. ओढताना माझी नावं मनात चालूच होती. एकशे आठ झाली तेव्हा चौथी गाडी आमराईत लागत होती. मी परत जाऊन पिंडीला बेल वाहिला, हात जोडले, आणि मग बोलू शकले. पण तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पंधरा गाड्या झाल्या असतील, तोच लाल गोऱ्ह्यांचा पुकारा झाला.

घरच्यांनी सदऱ्याला हात पुसले. "आलोच," म्हणाले आणि गोऱ्हा सोडून निघाले. मीही मागे गेले. रांगेतून कुणाचा तरी आवाज आला, "झालं. पाटील चालले." दुसरा म्हणाला, "आता कशाला परत येतेत?" घरच्यांनी ऐकलं. त्यांची पाठ ताठ झाली, पण ते चालत राहिले.

रिंगणात एकोणीस गोऱ्हे होते. पारख करणारे साहेब प्रत्येकाच्या पाठीवरून, खुरांवरून हात फिरवत होते. आमच्या गोऱ्ह्याजवळ ते दोनदा आले. शेवटी त्यांनी तीन गोऱ्हे बाजूला काढले. त्यातला एक आमचा. घरच्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

तिघांतून पहिला कोण ते बडे साहेब स्वतः पाहणार होते, आणि पदकही त्यांच्याच हातून. ते येईपर्यंत इथंच उभं राहायचं. कारकुनानं नावं लिहिली. अकरा वाजून गेले होते.

रिंगणाची जागा थोडी उंचावर होती. तिथून बाभळींची रांग दिसत होती. अर्ध्याहून जास्त गाड्या जागेवरच होत्या. ओढणारी माणसं कमी झाली होती, कारण ज्यांची गाडी पलीकडे गेली त्यांना आपापल्या पुकाऱ्याला जावं लागलं होतं. नाल्याच्या चढावर मसाजी आणि आणखी तिघं एका गाडीला खांदा लावून उभे होते. गाडी वर जात नव्हती आणि त्यांना सोडताही येत नव्हती. चपराशी काठी घेऊन रांग मोजत होता.

घरचे तिकडे पाहत राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ते बघतायत तेवढं पुरे होतं.

"मुन्शीजी," ते कारकुनाला म्हणाले, "मी जाऊन आलो तर चालंल का?"

"मालिक को खड़ा रहना है. साहब किसी भी वक्त आ सकते हैं."

"घरचं दुसरं कुनी?"

"घर का कोई भी. मगर जनावर छूटा तो नंबर गया."

माणिकराव खाली गाड्यांपाशी होते. घरच्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. चहूकडे पुरुषच होते, पागोटी आणि कोट घातलेले.

"मी घरचीच हाये की," मी म्हणाले.

"तू?" त्यांनी आवाज खाली आणला. "एवढ्या मानसांत? साहेब तुला काय ईचारील, तू काय सांगशील? तुझा आवाज त्याला ऐकू तरी जाईल का?"

"गोऱ्हा कुनाचा म्हनून ईचारलं तर मामंजींचं नाव सांगीन. तेवढं सांगता येतं मला."

"आन् पदक?"

"दिलं तर घीन."

ते काही वेळ गोऱ्ह्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. ते पदक आपल्या हातानं घ्यायचं, एवढ्यासाठी ते दोन महिने जगत होते, हे मला माहीत होतं. जाऊ नका असं मी म्हणाले असते तर ते थांबले असते. मी म्हणाले नाही.

त्यांनी दावं माझ्या हातात दिलं. माझी मूठ एकदा वरून दाबून पाहिली, नीट धरलंय का. मग नवा कोट काढून गोऱ्ह्याच्या पाठीवर टाकला, बाह्या वर केल्या, आणि कुणाकडे न पाहता रिंगणाच्या दोरीखालून वाकून नाल्याकडे चालू लागले.