शेंड्यातलं पाणी

बाबांनी जाताना आईकडून शब्द घेतला होता, मागच्या अंगणातला नेचा जिवंत आहे तोवर हे घर सोडायचं नाही. एरवी नेचा म्हणजे गुडघाभर झुडूप. हा जातीचाच वेगळा, खांबासारखा उभा वाढून डोक्यावर पानांची छत्री धरणारा. बाबांनी त्याला पोरासारखं वाढवलं. आम्हा पोरांना मात्र झाडासारखं, लावलं तिथे मुकाट राहा.

दादा शहाणा, तो वेळीच सटकला. मी अडकले. आईला एकटीला टाकून जायला माझा पाय निघेना, आणि आईचा पाय त्या नेच्यात. लांबच्या शहरात चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात मला नोकरी मिळत होती. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आईलाही आणा, वरची खोली रिकामीच आहे. पण महिनाअखेरपर्यंतच थांबेन हं."

अशात नेचा वाळायला लागला. पानं तपकिरी पडून खोडाला लोंबू लागली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? भांडी घासता घासता खिडकीतून त्याच्याकडे बघत मी मनातल्या मनात बॅग भरायचे.

"रोज पाणी घालते गं, तरी असं का करतंय?" आई म्हणायची आणि मुळाशी बादली ओतायची.

बाबा स्टुलावर चढून शेंड्यात पाणी घालायचे आणि ते खोडावरून ओघळू द्यायचे, कारण या झाडाची मुळं खोडभर असतात. मला ते पक्कं ठाऊक होतं. आई विसरली असेल, असं म्हणून मी तोंड मिटून बसले.

मग एका दुपारी कपडे वाळत घालताना एक पान हाताला लागलं आणि त्याचा चुराच झाला. मला बाबांचे सुकलेले ओठ आठवले. शेवटी शेवटी त्यांना घोट गिळवत नव्हता, मी ओला बोळा फिरवायचे. मला पुढे बघवेना. स्वतःला शिव्या घालत मी स्टूल आणलं आणि शेंड्यात झारी रिकामी केली. खोडाला गोणपाट गुंडाळून तेही भिजवलं. मग रोजच तसं करत राहिले. आईनं गोणपाट पाहिलं आणि बादली उचलून आत गेली.

महिना संपत आला आणि शेंड्यात एक लवदार वेटोळं वर आलं, नव्या पानाचं. मी आईला हाक मारली. ती स्टुलावर चढली, बघितलं, उतरली आणि तिथेच पायरीवर बसली.

"कशाला गं वाचवलंस?"

"म्हणजे?"

"मला काय माहीत नाही पाणी कुठे घालायचं? इतकी वर्षं त्यांचं स्टूल मीच धरलं." ती पदराशी चाळा करत राहिली. "शब्द मोडायची हिंमत नाही माझ्यात. म्हटलं, झाडच आपणहून गेलं तर तू सुटशील. मीही सुटेन."

मला हसू फुटलं आणि मागोमाग रडू. इतके दिवस एका घरात राहून दोघी एकाच गोष्टीची वाट बघत होतो, आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मी वर बघितलं. वेटोळं अगदी कोवळं होतं, नखानं खुडता आलं असतं. आईही तिकडेच बघत होती.

मग ती उठली आणि स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"चढ," ती म्हणाली. "ऊन वाढतंय. सुकेल ते."

मी झारी घेतली आणि चढले.