पोरगं येतंय का शेवटाला?

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पृष्ठं तीनशे बारा. मोजाल तर तीनशे दहाच भरतील. एक पान, म्हणजे दोन पृष्ठं, कुणीतरी कापलं. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या पोटात कॅनडाला गेलेल्या एका मराठी मुलाची आणि गावी राहिलेल्या त्याच्या आईची कथा आहे. एका परीक्षकाने माझी फार स्तुती केली. त्याने मला उघडलंच नव्हतं, त्यामुळे ती अगदी निर्मळ होती. मग मार्चअखेरच्या खरेदीत मी उदगीरच्या वाचनालयात आले आणि सात वर्षं कपाटाच्या मोडक्या पायाखाली निष्ठेने काम केलं.

तिथून मला म्हाताऱ्या सिद्धम्मांनी ओढून काढलं. सगळे त्यांना अव्वा म्हणत, कानडीत आई. त्यांचा मुलगा संगमेश्वर कॅनडातच होता आणि वर्षानुवर्षं फोनवर "येतो, येतो" म्हणत होता. अव्वा दुपारभर वाचनालयातल्या आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसून मला वाचत. माझ्यातला मुलगा बर्फात बोडका निघाला, की समासात पेन्सिलीने लिहीत, 'कान बांध.'

शेवट जवळ आला तशा त्या थबकल्या. ग्रंथपालाला म्हणाल्या, "शिवप्रसाद, पोरगं येतंय का रे शेवटाला?"

"थांबा अव्वा, बघून सांगतो."

पानाचा कोपरा दुमडला तरी ओरडणारा हा माणूस. मला आतल्या खोलीत नेऊन त्याने शेवटचं पान वाचलं. त्यात मुलगा येतो, पण आई गेल्यावर. त्याने पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड घेतलं आणि ते पान कापून टाकलं.

"उंदरानं खाल्लं की, अव्वा. पण येतंय बघा पोरगं. मी वाचलेलं हाय."

अव्वांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "लई शिकलेला उंदीर हाय रे तुझा. नेमकं शेवटचंच पान खाल्लं!"

मग त्यांनी माझ्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत काहीतरी लिहिलं आणि मला परत केलं. पुढच्या आठवड्यात अव्वा गेल्या.

तेव्हापासून वारा आला, की माझं नसलेलं पान फडफडतं. शिवप्रसाद दचकून वर बघतो.

संगमेश्वर पंधरा दिवसांनी पोचला, अगदी त्या पानात छापलं होतं तसा. "आई काय वाचायची हो इथं?" शिवप्रसादने मला पुढे केलं. अव्वांच्याच खुर्चीत बसून तो समास वाचत गेला. 'कान बांध'पाशी त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. शेवटी तो पुठ्ठ्यापाशी आला. तिथे होतं, 'पोरगं आलं. आधी हातपाय धू म्हणलं. मग जेवायला वाढलं.'

तो उठला, अंगणातल्या नळावर गेला आणि त्याने हातपाय धुतले. मग ओल्या पायांनी येऊन रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला.

मित्रांनो, पुस्तकाची पानं फाडू नका. ती फाडणाऱ्याला ऐकू येत राहतात. आणि समासात कुणी पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसलं, तर खोडरबर खिशातच राहू द्या. ते तुमच्यासाठी नसेल. कुणीतरी अजून यायचं असेल.