चार नंबर वगळून

मी संशयी माणूस आहे, आणि आमच्या कामात तो गुणच धरतात. 'खण' हा आमचा फाइल मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो. त्याचा कोड कुणीही उघडून पाहावा, बदल सुचवावा. म्हणजे कुणीही येऊन घाणही करावी. अशा उघड्या दारावर एक तरी तिरसट राखणदार लागतो. तो मी, शाओ कुआन-तिंग.

पुढच्या आवृत्तीत काय ठेवायचं यावर आम्ही मतदान घेतलं होतं. फाइलींच्या नावांची जुनी यादी काढून चित्रांची मांडणी आणायची, हे माझं स्वप्न. दोन वर्षं मी त्यावर घासली होती, आणि दोन्ही सांभाळण्याइतकी माणसं आमच्याकडे नव्हती. शेवटच्या दिवशी यादीच्या बाजूने एकदम तेरा मतं पडली. सगळी तैनान शहरातल्या एकाच इंटरनेट जोडणीवरून, दुपारच्या तासाभरात. खात्यांची नावं काय, तर एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, मग थेट पाच, असं चौदापर्यंत. आमच्या भाषेत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार जवळपास सारखाच, म्हणून आमच्या इस्पितळांच्या लिफ्टमध्येही तो आकडा नसतो. खोटी खाती उघडतानाही पठ्ठ्याने अपशकुन टाळला होता.

तेराही मतं मी उडवली. यादी हरली.

"एकदा विचारायचं तरी होतंस," माझ्याबरोबर काम करणारी यी-हुआ म्हणाली.

"कुणाला? एकच माणूस आहे तो, तेरा टोप्या घातलेला."

तिसऱ्या दिवशी 'नऊ नंबर'चं पत्र आलं. 'आम्ही खोटे नाही. तुमच्या नव्या मांडणीत काही ऐकू येत नाही. विश्वास नसेल तर येऊन बघा.' खाली तैनानचा पत्ता. फाइली कोण ऐकतं? हे माणसाने लिहिलेलंच नाही, यंत्राने लिहिलंय, असं मी ठरवून टाकलं. तरी शनिवारी तैपेइहून गाडी पकडली. लबाडाला समोरासमोर गाठायचं होतं.

औषधाच्या दुकानाच्या बाजूने जिना होता. वर मालिशचं दुकान, पडदे ओढलेल्या खाटा. पांढऱ्या कोटातली पन्नाशीची बाई भिंतीला हात लावत पुढे आली.

"नवीन पावलं दिसतात," ती म्हणाली. "या. मी नऊ नंबर."

तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. अंध मालिशवाल्यांची दुकानं मी लहानपणापासून पाहिली आहेत. तिथे मालिश करणाऱ्यांना नंबरानेच हाक मारतात. माझी आई दर महिन्याला आठ नंबरकडे जायची. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मनातला किडा वळवळलाच: सगळ्यांच्या नावाने हिनेच मतं टाकली असली तर?

"मालिश करून घ्यायचीय," मी नाव न सांगता म्हणालो.

"तुम्ही आरोग्य खात्याचे तर नाही ना? तपासणीवाले असेच दारात गप्प उभे राहतात."

"नाही हो."

"बघा बरं. बसा, आधी नोंद करते. नाहीतर पुढच्या वेळी भलतीकडेच दाबेन."

ती कॉम्प्युटरपुढे बसली. कळ दाबली तसं यंत्र म्हणालं, "चित्र." पुन्हा दाबली. "चित्र." "चित्र."

"आमच्या सात नंबरने हौसेने 'खण'ची नवी चाचणीची आवृत्ती बसवली," ती म्हणाली. "आधी यंत्र प्रत्येक नाव वाचून दाखवायचं. बारा वर्षांची गिऱ्हाइकं आहेत यात. कुणाच्या मणक्यात सळई, कुणाचं हृदय नाजूक. आता सगळ्यांची चित्रं झालीत. कुणाला कुठे दाबू नये, ते कसं शोधू? बरं, नाव सांगा."

खोटं नाव जिभेवर आलं होतं. पण इतकी लाज वाटली, की ते निघेना.

"शाओ कुआन-तिंग."

तिची बोटं कळांवर थांबली. "मतं उडवणारे?"

"हो."

ती पडद्यांकडे वळली. "ऐका रे. आपण खरंच आहोत का, ते बघायला आलेत."

चोळण्याचे आवाज थांबले.

"एक नंबर," पहिल्या पडद्याआडून कुणीतरी म्हणालं.

"दोन."

"तीन. उठत नाही, हाताला तेल आहे."

"पाच."

"सहा रजेवर आहे," नऊ नंबर म्हणाली. "तेवढा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

आकडे चौदापर्यंत गेले. मी एकेक ऐकला.

"जरा उठता का?" मी म्हणालो. "यादी परत बसवून देतो."

ती उठली नाही. दोन्ही हात तिने कळांवर पसरून ठेवले.

"राहू द्या. आणखी काय उडवाल, तुमचा काय भरवसा?"