म्हाताऱ्याचं बोट

पलंगावर म्हातारा मरून पडला होता आणि त्याचा उजवा हात हवेत उभा होता. कोणी धरलेला नाही, बांधलेला नाही. बोट थेट दाराकडे, आणि दारात त्याची सून, सकाळीच बेकरीची रात्रपाळी करून आलेली.

"बघा, बघा!" घरच्यांनी बोलावलेले महाराज गरजले. "मेलेला माणूस खोटं बोलत नाही. हिनंच सकाळच्या चहातून विष दिलं. कबूल झाली की हात आपोआप खाली येईल. तोवर प्रेताला कोणी शिवलं, तर त्याचा निर्वंश होईल!"

महाराज मोठे हुशार. साक्षीदारच असा निवडला, की त्याची उलटतपासणी नको! पण हसायचं कोणाला सुचतंय? खोली गच्च भरली होती. नणंदेनं सुनेचे केस धरले, कोणीतरी दोरी आणली. मी शेजारचा शिंपी, भुताखेतांना न मानणारा. पण खरं सांगतो, माझीही बोबडी वळली होती.

"चहा मी नुसता स्टुलावर ठेवला हो," सून केस सोडवू पाहत म्हणाली. "मामंजी खुर्चीत झोपलेत असंच वाटलं मला."

दोरी पाहून मी भानावर आलो. धावत जाऊन खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आलो. त्यांनी सरळ प्रेताचा जबडा, मान, गुडघे चाचपले.

"यांना पलंगावर कोणी ठेवलं?"

"आम्हीच," नणंद म्हणाली. "वहिनीनं चहा ठेवला, मी लगेच उठवायला गेले, तर बाबा लाकडासारखे! खुर्चीत होते, हात रोजच्यासारखा खिडकीच्या कठड्यावर."

"मग तो वरच राहणार. मेल्यावर अंग आधी सैल पडतं, मग हळूहळू ताठतं, आणि असेल त्याच स्थितीत ताठतं. सगळं अंग असं कडक व्हायला कित्येक तास लागतात. चहा आला, तेव्हा हे केव्हाच गेलेले होते. मेलेल्याला विष कसं पाजणार?"

तेव्हा मला आठवलं. आदल्या संध्याकाळी सून कामावर गेल्यावर त्याच खिडकीतून म्हाताऱ्यानं मला हात केला होता. मी ते ओरडूनच सांगितलं.

"असं? मग आणा हात खाली!" महाराजांचा आवाज चिरकला.

बाईंनी खांदा धरून जोर लावला. हात हळूहळू वाकत छातीवर आला. माणसं किंचाळून मागे सरली. कोणाचंही काही झालं नाही.

"उद्यापर्यंत तो आपोआपच सैल पडला असता," बाई म्हणाल्या. "तोवर हिला मारून मारून कबूल करून घ्यायचं, की झाला यांचा चमत्कार!"

आम्ही वळून पाहिलं, तर महाराज जिन्यावरून पसार झालेले. नणंदेच्या मुठीत वहिनीचे तुटलेले केस तसेच होते. ती ते सोडीना, आणि वर पाहीना. स्टुलावरच्या चहावर साय धरली होती.

बाबांनो, प्रेत कोणावर आळ घेत नाही, तो जिवंत माणसं घेतात. पुढच्या वेळी दोरी शोधायच्या आधी डॉक्टरला बोलवा. त्या दिवशी मी जिना उतरायला जरा उशीर केला असता, तर त्या खोलीत दोन प्रेतं असती.