तुंबवलेला चर

"बाबा, चर पुन्हा तुम्ही उपसलात ना?"

बाबा मागच्या पायरीवर बसून फावड्याच्या पात्याला तेल लावत होते. "तुंबला होता," ते म्हणाले.

"तुंबला नव्हता! आम्ही मुद्दाम तुंबवला होता!"

ही तिसरी खेप. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. गावामागच्या जंगलाखालची जमीन म्हणजे पाण्यात भिजून राहिलेला युगायुगांचा पालापाचोळा. पाणी काढलं की तो कुजतो आणि हवा तापवणारा वायू सोडतो. बाबांनी तरुणपणी, वन खात्याच्या नोकरीत, चर खणून तेच पाणी काढलं होतं. झाडं तरारली, बाबांना शाबासकी मिळाली. आता त्या चरांना बांध घालून, जमिनीवर डबे पालथे घालून, वायू किती कमी झाला ते मी मोजते. म्हणजे मोजायला हवं. बाबा बांध फोडतात, पाणी उतरतं, आकडे कोलमडतात आणि साहेब विचारतात, "बाई, यंत्र बिघडलंय की तुम्ही?"

"पुढच्या आठवड्यात साहेब येतायत. चर कोरडा दिसला तर काम बंद आणि मी घरी. चालेल?"

"पाण्यात झाडं मरतात गं. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं काय काम केलं होतं!"

"कुठले लोक, बाबा? तिथे जातं कोण? मी आणि डास!"

ते फावडं पुसत राहिले.

सकाळी बाबा घरात नव्हते, फावडंही नव्हतं. मी तोंडानं बडबडत जंगलात पळत सुटले. बाबा गुडघाभर चिखलात उभे होते आणि चरात ढेकळं रचून पायानं दाबत होते. चर बुजवत होते.

खरं तर मला गहिवरून यायला हवं होतं. पण मी ओरडले, "पायवाटेच्या फळीवर या आधी! डब्याजवळ पाय दिला की सगळा वायू बाहेर येतो!"

"एक काम धड करू देशील का?" ते खेकसले, पण फळीवर आले. बांधामागे पाणी साचू लागलं होतं. ते बघत राहिले. "तुझ्या जन्माच्या वर्षी खणला होता हा."

मी वाकून एक निसटलेलं ढेकूळ बांधावर नीट बसवलं.

त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. "तुमच्या ऑफिसात ठेव हे. घरी असलं की हात शिवशिवतात."

मग ते फळीवरून पुढे चालू लागले. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आधी खिशात घातले, मग बाहेर काढले आणि शेवटी पाठीमागे धरले.