ओनोरीन वोक्येची बिननावाची कादंबरी

दिजाँ शहरात ती कादंबरी घरोघरी वाचली जात होती, पण ती ओनोरीन वोक्येनं लिहिलीय हे पॅरिसच्या छापणाऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तकावर नाव नव्हतं. न्यायाधीशाच्या पुतणीनं कादंबरी लिहायची म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगणंच. त्यात गोष्ट होती तिच्या विधवा चुलतबहिणीची, बेर्तीलची. बग्ग्या रंगवणाऱ्या एका कारागिरावर आपला जीव जडलाय, हे बेर्तीलनं तिला एकदा रडत सांगितलं होतं. ओनोरीननं ते न विचारता लिहून टाकलं.

रविवारी जेवताना न्यायाधीश असलेल्या ग्रेग्वारकाकांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "विधवा, बग्ग्या, रंगारी! ही तर आमच्याच गल्लीतली गोष्ट. बेर्तील, हे दिवे तूच लावलेस ना?"

बेर्तीलनं चार ओळी वाचल्या आणि ओनोरीनकडे पाहिलं. ते गुपित तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं.

"बोल की! दातखीळ बसली का?"

आता सांगावं, आत्ता, असं मनाशी म्हणता म्हणता ओनोरीनच्या तोंडून निघालं, "काका, रस्सा निवतोय."

"हो, मीच लिहिलं," बेर्तील म्हणाली.

आठवड्याभरात तिची रवानगी मठात झाली. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत ओनोरीन चार महिन्यांनी तिला भेटायला गेली. मध्ये लोखंडी जाळी होती.

"वाचलं मी सगळं," बेर्तील म्हणाली. "छान लिहिलंयस, मेले. त्याचे हात तर अगदी तसेच."

"मला माफ कर गं."

"लिहिल्याबद्दल? ते तर कधीच केलं. पण तू रस्सा निवतोय म्हणालीस!"

ओनोरीनला मान वर करवेना. तिथून ती थेट काकांकडे गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काकांनी तिला दार दाखवलं. बेर्तीलला मात्र त्यांना मठातून सोडवून आणावं लागलं. घरी न थांबता ती लियाँला, आपल्या रंगाऱ्याकडे निघून गेली. तिनं कधी पत्र पाठवलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीवर ओनोरीननं आपलं पूर्ण नाव छापायला लावलं. तिच्या ओळखीतल्या कुठल्याच बाईनं असं केलं नव्हतं. पुढे पॅरिसात लिहिणाऱ्या तरुण मुली तिच्याकडे येऊ लागल्या. एकीनं विचारलं, "बाई, एवढं धैर्य कुठून आणलंत?"

ओनोरीनचे कान तापले. "धैर्य कसलं, पोरी," ती म्हणाली, "बहिणीला चार महिने कोंडून ठेवल्यावर सुचलेलं शहाणपण ते." आणि तिनं मुलीच्या हातातले कागद वाचायला मागून घेतले.