गालातला अक्रोड

कट्!

माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. निकोलोझाबाई दातांनी अक्रोड फोडत होत्या. मी त्यांचीच तसबीर, लाकडी फळीवर रंगवलेली. पाचशे वर्षं होत आली, पण तो आवाज अजून विसरले नाही.

"बाई, जरा तोंड मिटा," चित्रकार म्हणाला.

"मिटलंय की!"

"मग गाल का फुगलाय?"

"तू आपलं रंगव. गालाचं मी बघते."

त्याने दिसलं तसं रंगवलं. मिटलेले ओठ, फुगलेला गाल, हातात अक्रोडाचं अर्धं कवच. बाईंचा नवरा मोठा वकील. "ही माझी बायको आहे की खार?" असा काही ओरडला, की चित्रकार मागच्या दाराने पळाला. फळीवर बाईंचं नाव घालायचं राहूनच गेलं.

बाई मात्र माझ्यासमोर येऊन गाल फुगवायच्या आणि एकट्याच हसायच्या. त्या गेल्यावर वारसांनी मला गावच्या चर्चला देऊन टाकलं.

पाद्रीबाबांनी माझा गाल पाहिला. "अरेरे, हिची दाढ दुखतेय!" दाढदुखीची आमची संत आपोलोनिया, हातात चिमटा धरलेली. झालं! माझ्या डोक्यामागे सोनेरी वलय चढलं, कवचावर चिमटा रंगवला गेला. लोक सुजलेली तोंडं घेऊन येऊ लागले. मला दाढेतलं काय कळतंय! पण हिचंही दुखतंय, असं वाटून त्यांना जरा हलकं वाटायचं. म्हणून मीही गप्प राहिले.

परवा शहरातल्या संग्रहालयाची ओर्तेन्सिया मला साफ करायला आली. वरच्या रंगाखाली जुनं चित्र निघालं, तर मला शहरात नेणार होते. तिने कापसाने चिमटा पुसला. खालून कवच डोकावलं. तिने माझ्या गालाकडे पाहिलं आणि भर चर्चमध्ये खो खो हसली.

तेवढ्यात झेलिंदा म्हातारी आली, गालाला रुमाल बांधून.

"काय गं पोरी, हसायला काय झालं?"

"काही नाही, आजी. तुमच्या दाढेला काय झालं?"

"अक्रोड फोडत होते. आमच्याकडच्या बायकांना अडकित्ता कशाला हवा? हिला नेणार म्हणे तुम्ही?"

"तिथे हजारो लोक बघतील हिला."

"बघतील गं. पण दाढ कुणाची दुखत असेल त्यांच्यातल्या?"

"दाढेच्या डॉक्टरकडे जा ना, आजी."

"सोमवारी बोलावलंय. तोवर हिच्याशी बोलते. त्या मेल्या डॉक्टरला कुठे काय दुखतंय?"

ओर्तेन्सियाने कापूस खाली ठेवला. मग तिने ब्रश घेतला आणि कवचावर हळूच पुन्हा चिमटा रंगवला. वलयाला हातही लावला नाही.

तेव्हा मंडळी, मी अजून इथेच आहे. तुम्हीही हे कुठे बोलू नका. दुखऱ्या माणसांना माझा गाल लागतो.

आणि हो, ओर्तेन्सिया चिमटा रंगवत होती तेव्हा झेलिंदा मागेच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. कवच, चिमटा, सगळं. तिने खिशातून एक अख्खा अक्रोड काढला, ओर्तेन्सियाच्या तळहातावर ठेवला, आणि निघून गेली.